पितळी बाष्प-इंजिन प्रतिकृतींचा संग्रह

पितळी बाष्प-इंजिन प्रतिकृतींचा संग्रह हा रेल्वे प्रतिकृतींच्या छंदातील एक विशेष प्रकार आहे. वाफेवर चालणाऱ्या एखाद्या खऱ्या रेल्वे इंजिनाचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले, पितळी पत्रा, तार व ओतीव सुटे भाग हाताने झाळून जोडलेले रूप म्हणजे अशी प्रतिकृती होय. नाव बाष्प-इंजिनाचे असले, तरी यांपैकी बहुतेक प्रतिकृती वाफेवर चालत नाहीत. त्यांच्या पोटात विजेची लहान मोटर असते आणि तिला लागणारा विद्युत्प्रवाह रुळांतून मिळतो. प्रत्यक्ष पाणी उकळून चालणाऱ्या प्रतिकृतींची परंपरा वेगळी आहे. तिचा उल्लेख येथे ओघानेच येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तयार होऊन प्रामुख्याने अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रतिकृतींपासून या संग्रहाला आजचे स्वरूप आले. पुढे निर्मिती कोरियात आणि नंतर काही अंशी चीनमध्ये गेली. युरोपात स्वित्झर्लंड व जर्मनी ही या छंदाची महत्त्वाची केंद्रे आहेत. महागड्या खेळण्यांचा छंद असे त्याचे वर्णन अनेकदा केले जाते, पण ते अपुरे आहे. ज्या इंजिनांचा आज एकही नग शिल्लक नाही, त्यांचे त्रिमिती रूप कित्येकदा अशा प्रतिकृतींमध्येच पाहावयास मिळते.

प्रमाण आणि मोजमाप

सर्वाधिक पितळी प्रतिकृती ‘एचओ’ या प्रमाणात बनल्या आहेत. हे प्रमाण १:८७ असून त्यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. एचओ म्हणजे ‘अर्धा ओ’. ‘ओ’ हे त्याहून जुने प्रमाण ब्रिटनमध्ये १:४३.५, तर अमेरिकेत १:४८ धरले जाते. जपानमध्ये स्वदेशी इंजिनांसाठी १६.५ मिलिमीटरचेच रूळ वापरतात, परंतु प्रमाण १:८० ठेवतात. कारण तेथील खरे लोहमार्ग १०६७ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे प्रमाणित मार्गापेक्षा अरुंद आहेत.

या प्रमाणांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे ‘बिग बॉय’ हे इंजिन टेंडरसह सुमारे साडेचाळीस मीटर लांब आहे. एचओ प्रमाणात त्याची लांबी साधारण साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरते. खऱ्या बॉयलरवरील एक इंच व्यासाचे रिव्हेटचे डोके येथे ०.३ मिलिमीटरपेक्षाही लहान होते. संग्राहकांपैकी काही जण ही डोकीसुद्धा छायाचित्राशी ताडून मोजतात आणि म्हणून त्यांना थट्टेने ‘रिव्हेट मोजणारे’ म्हटले जाते. थट्टा असली, तरी प्रतिकृतींचा दर्जा सुधारण्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

पितळच का?

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. पत्र्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पितळात साधारणपणे सत्तर टक्के किंवा त्याहून थोडे कमी तांबे असते. असे पितळ सहज वाकते, गोलाकार वळवता येते, लेथवर स्वच्छ कातता येते, त्याला डाग चांगला धरतो आणि ते लोखंडासारखे गंजत नाही. त्याहूनही महत्त्वाचे कारण आर्थिक आहे. प्लॅस्टिकची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची प्रतिकृती काढायची, तर आधी पोलादी साचा कोरावा लागतो आणि त्याचा प्रचंड खर्च वसूल होण्यासाठी हजारो नग विकावे लागतात. पितळी प्रतिकृतीला असा साचा लागत नाही. तिला लागतो तो कारागिराचा वेळ. त्यामुळे एखाद्या लहानशा रेल्वे कंपनीच्या, जेमतेम दोनशे-तीनशे लोकांना आस्था असलेल्या इंजिनाची प्रतिकृती काढणेही परवडू शकते. मात्र वेळ स्वस्त असेल तोवरच हे गणित जमते. या उद्योगाने देशामागून देश का बदलले, याचे उत्तर त्यातच आहे.

जस्ताच्या ओतीव प्रतिकृतींना एक असाध्य रोग जडू शकतो. मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर काही वर्षांनी तो फुगतो, तडकतो आणि अखेर त्याचा भुगा होतो. पितळाला ही व्याधी नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पितळी प्रतिकृतींचे सांगाडे म्हणूनच आजही धडधाकट आढळतात.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मुलांसाठी पितळी इंजिने विकली जात. ती स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून खरोखर वाफेवर चालत. त्यांना रूळ नसत. ती थेट जमिनीवर सोडली जात आणि जाताना मागे पाण्याची ओळ सांडत जात. त्यामुळे ‘बर्मिंगहॅमचे गळके’ अशा अर्थाचे नाव त्यांना पडले. त्यांचे एखाद्या विशिष्ट इंजिनाशी साम्य नसे. याच काळात इंजिन-निर्मात्या कारखान्यांनी गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी किंवा प्रदर्शनांसाठी मोठ्या आकाराच्या अत्यंत अचूक धातूच्या प्रतिकृती घडवल्या, पण त्या बाजारात विक्रीसाठी नव्हत्या. पुढे जर्मनीतील मेर्कलिन व बिंग आणि इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनची बॅसेट-लोक या कंपन्यांनी कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या आगगाड्या घरोघरी पोहोचवल्या. अचूकता आणि विक्री या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या मात्र युद्धोत्तर जपानमध्ये.

जपानी कालखंड

१९४५ नंतर जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. तेथे असलेल्या सैनिकांमध्ये रेल्वे प्रतिकृतींचे हौशी लोक होते आणि युद्धाने होरपळलेल्या तोक्योत धातूचे बारीक काम जाणणारे कारागीर होते. सैनिकांनी आपल्या देशातील इंजिनांची छायाचित्रे व मासिकांत छापलेले आराखडे दाखवावेत आणि लहानशा कार्यशाळांनी त्यावरून प्रतिकृती करून द्याव्यात, अशी सुरुवात झाली. तोक्योच्या गिन्झा भागातील तेन्शोदो हे दुकान अशा ग्राहकांमध्ये विशेष प्रसिद्ध होते.

अमेरिकेत आयात करणाऱ्या संस्था १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतील सर्वांत प्रभावी संस्था म्हणजे वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स या गावची पॅसिफिक फास्ट मेल. छंदाच्या जगात ती ‘पीएफएम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. बिल रायन हे तिचे प्रवर्तक. तोक्योतील अ‍ॅटलस इंडस्ट्रीज ही कंपनी ‘युनायटेड’ या नावाने पीएफएमसाठी प्रतिकृती बनवीत असे. बाल्बोआ, वेस्टसाइड, सनसेट, की आणि ओव्हरलँड ही इतर आयातदारांची नावे जुन्या प्रतिकृतींच्या खोक्यांवर आढळतात. यांच्या जाहिराती १९३४ पासून निघत असलेल्या ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकात येत. त्या काळी एक प्रतिकृती काही दहा डॉलरांत मिळे. १९४९ ते १९७१ या काळात एका डॉलरला ३६० येन हा विनिमयदर कायम होता, हे या स्वस्ताईचे मोठे कारण होते.

या व्यापाराची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या दीड दशकात जपानी प्रतिकृती अमेरिकेत पोहोचू लागल्या, नेमक्या त्याच दीड दशकात अमेरिकी रेल्वे कंपन्या वाफेची इंजिने मोडीत काढून डिझेलकडे वळत होत्या. १९६० च्या सुमारास तेथील मुख्य मार्गांवरची वाफ संपली. ग्राहकाने लहानपणी गावच्या फलाटावर जे इंजिन पाहिले होते, ते भंगारात जात असताना त्याच इंजिनाची छोटी मूर्ती जपानहून टपालाने त्याच्या घरी येत होती. आणि ज्याने ती घडवली, त्याने ते इंजिन आयुष्यात कधी पाहिलेले नव्हते. फूट व इंचांतील आराखडा, काही कृष्णधवल छायाचित्रे आणि आयातदाराने पाठवलेली दुरुस्तीची पत्रे एवढ्याच साधनांवर तो काम करीत असे.

जपानची स्वतःची वाफ थोडी उशिरा विझली. तेथील राष्ट्रीय रेल्वेची नियमित बाष्प-सेवा १९७५-७६ मध्ये संपली. शेवटच्या वर्षांत इंजिने पाहण्यासाठी लोकांनी इतकी गर्दी केली, की त्या लाटेला स्वतंत्र नाव मिळाले. सी-६२ आणि डी-५१ या वर्गांच्या पितळी प्रतिकृतींना जपानी संग्राहकांमध्ये जे स्थान आहे, त्याची मुळे या गर्दीत आहेत.

युरोपीय शाखा

युरोपात या संग्रहाला वेगळे वळण लागले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे काउंट अंतोनियो जांसांती कोलुझ्झी यांनी १९४७ मध्ये फुल्ग्युरेक्स ही संस्था स्थापन केली. ते स्वतः जुन्या खेळण्यांतील आगगाड्यांचे नामांकित संग्राहक होते. फुल्ग्युरेक्स, लेमाको व जर्मनीतील मिक्रो-मेटाकिट यांनी मर्यादित संख्येत, बहुधा कारखान्यातच रंगवलेल्या आणि सुरुवातीपासून उंची वस्तू म्हणूनच विकल्या जाणाऱ्या प्रतिकृती काढल्या. अमेरिकेत पितळी प्रतिकृती हौशी माणसाच्या मांडणीवर धावण्यासाठी आली आणि नंतर कपाटात गेली. युरोपात ती बऱ्याच अंशी कपाटासाठीच आली.

घडण

नवी प्रतिकृती काढण्यापूर्वी आयातदार त्या इंजिनाची माहिती गोळा करतो. हे काम दिसते तितके सोपे नाही. एकाच वर्गातील दोन इंजिने तंतोतंत सारखी क्वचितच असत. दर मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कार्यशाळेत हवेचा पंप इकडचा तिकडे बसवला जाई, दिवा बदले, टेंडर दुसऱ्याच इंजिनाचे जोडले जाई. म्हणून चांगली प्रतिकृती ‘अमुक वर्गाची’ एवढीच नसते, तर त्या वर्गातील अमुक क्रमांकाच्या इंजिनाची, अमुक वर्षातील असते. यानंतर कारागीर एक पहिला नमुना तयार करतो. तो आयातदाराकडे जातो, त्यातील चुका दाखवल्या जातात आणि मगच पूर्ण संच हाती घेतला जातो. एका संचात काही डझनांपासून, जुन्या काळातील लोकप्रिय इंजिनांच्या बाबतीत, हजाराहून अधिक नगही असत.

बॉयलरसाठी पत्रा रूळयंत्रातून काढून नळीसारखा वळवतात. रिव्हेटची डोकी पत्र्याच्या मागील बाजूने ठोकून पुढे उठवलेली असतात. सपाट व नाजूक भागांसाठी फोटो-एचिंग वापरतात. त्यात पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर देऊन आराखड्याची फिल्म ठेवतात व प्रकाश पाडतात. मग थर धुतला गेलेला भाग फेरिक क्लोराइडसारखे रसायन खाऊन टाकते आणि हवा तेवढा धातू शिल्लक राहतो. पंप, झडपा, घंटा, वाळूचा घुमट यांसारखे भाग मेणाचा नमुना वितळवून केलेल्या साच्यात ओततात. मोहेंजोदडो येथील नर्तिकेची मूर्ती ज्या तत्त्वाने ओतली गेली, तेच हे तत्त्व आहे. चाकांच्या धावा व दांडे यांसाठी बहुधा जर्मन सिल्व्हर वापरतात. त्यात तांबे, जस्त व निकेल असते; चांदी नसते.

यानंतरचे काम म्हणजे झाळकाम, ज्याला बोलीत ‘डाग देणे’ म्हणतात. प्रतिकृतीची खरी परीक्षा येथे होते. एका इंजिनावर शेकडो सुटे भाग असतात. पितळ उष्णतेचे उत्तम वाहक आहे. त्यामुळे नवा भाग जोडण्यासाठी उष्णता दिली, की शेजारचा आधी जोडलेला भाग सुटू पाहतो. यावरचा उपाय असा, की मुख्य जोड अधिक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने द्यावेत आणि पुढचे बारीक जोड क्रमाने कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने. कथिल व शिसे यांचे नेहमीचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. अगदी बारीक जागी विजेच्या दोन टोकांमधून क्षणभर प्रवाह सोडून तेवढाच बिंदू तापवतात. जोड पक्का व्हावा, पण झाळ सांडलेली दिसू नये, हे साधणारे हात तयार व्हायला वर्षे लागतात.

पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम पाहिलेल्या वाचकाला येथे एक फरक जाणवेल. तांबटाच्या भांड्यावर हातोडीचे ठसे हीच कारागिराची खूण आणि वस्तूची शोभा असते. पितळी इंजिनावर मात्र कारागिराचा हात दिसता कामा नये, अशी अपेक्षा असते. हात जितका अदृश्य, तितके काम उत्तम.

निनावी कारागीर

हात अदृश्य राहिला, तसे नावही राहिले. खोक्यावर आयातदाराचे नाव ठळक छापलेले असते. बनवणाऱ्या कंपनीचे नाव असलेच, तर तळाशी किंवा आतल्या कागदावर असते. प्रत्यक्ष झाळणाऱ्याचे नाव कोठेही नसते. कंपन्यांनी पुष्कळ काम लहान घरगुती कार्यशाळांकडे सोपवले असल्यामुळे एकाच नावाखालच्या दोन संचांत मोठा फरक पडतो आणि मुरलेले संग्राहक तो झाळीच्या पद्धतीवरून ओळखतात. जॉन ग्लाब यांच्या ‘ब्राउन बुक ऑफ ब्रास लोकोमोटिव्ह्ज’ या सूचीने आयातदार, निर्माता, इंजिनाचा वर्ग व किंमत यांची नोंद एकत्र आणली. ही सूची मुख्यतः किंमती पाहण्यासाठी वापरली गेली. तिचे मोठे उपकारकत्व मात्र वेगळे आहे: कोणत्या कंपनीने काय घडवले हे तिच्यामुळे निदान कागदावर आले. त्यापलीकडे, माणसांपर्यंत, ती पोहोचत नाही आणि पोहोचण्याजोगी साधनेही फारशी राहिलेली नाहीत.

कोरियाकडे स्थलांतर

१९७१ मध्ये येनचा स्थिर दर सुटला आणि १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन फार वेगाने महागला. त्याच सुमारास जपानमधील तरुण इलेक्ट्रॉनिक्स व मोटार उद्योगांकडे वळत होते. १९७० च्या दशकापासूनच आयातदारांनी दक्षिण कोरियात काम देण्यास सुरुवात केली होती. सामहोंगसा व अजिन ही तेथील प्रमुख नावे. प्रारंभीच्या कोरियन प्रतिकृतींना जपानी कामाच्या तुलनेत दुय्यम मानले जाई. पण १९८० च्या दशकात हे मत बदलावे लागले. तपशील, चालण्याचा गुळगुळीतपणा आणि कारखान्यात दिलेला रंग या तिन्ही बाबतींत कोरियन काम पुढे गेले. मग तेथील वेतनेही वाढली आणि किंमती हजार डॉलरांच्या पलीकडे जाऊ लागल्या.

नष्ट इंजिने

न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने १९२७ ते १९३८ या काळात ४-६-४ चाकरचनेची ‘हडसन’ वर्गाची २७५ इंजिने घेतली. अमेरिकेतील सर्वाधिक छायाचित्रित इंजिनांत त्यांची गणना होते. त्यांतील एकही आज अस्तित्वात नाही. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या टी-१ वर्गाची कथाही तीच. रेमंड लोवी या विख्यात रचनाकाराने बाह्यरूप दिलेली ही ५२ इंजिने १९४२ ते १९४६ या काळात बनली आणि १९५० च्या दशकात सगळीच्या सगळी भंगारात गेली. याउलट बिग बॉय वर्गाच्या २५ इंजिनांपैकी आठ जतन झाली आणि त्यांतील क्रमांक ४०१४ चे इंजिन २०१९ मध्ये पुन्हा वाफेवर धावले.

आराखडा आणि छायाचित्र शिल्लक असताना प्रतिकृतीला दस्तऐवज का म्हणावे, असा प्रश्न विचारला जातो. आराखड्यात इंजिन जसे बनवायचे ठरले तसे दिसते. छायाचित्रात एका बाजूने दिसते. दोन्ही एकमेकांशी जुळवून, नळ्यांचा मार्ग बॉयलरच्या वरून पलीकडे नेमका कसा जात होता हे ठरवण्याचे काम प्रतिकृतीच्या निमित्तानेच होते. अर्थात या दस्तऐवजावर डोळे झाकून विसंबता येत नाही. चुकीच्या आराखड्यावरून बनलेली चूक दोनशे नगांमध्ये दोनशे वेळा उतरते आणि पुढच्या निर्मात्याने जुनी प्रतिकृतीच आधार धरली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या चालते.

रंगवावे की तसेच ठेवावे?

जपानी प्रतिकृती बहुधा न रंगवता, पारदर्शक लॅकरचा पातळ थर देऊन विकल्या जात. रंग ग्राहकाने द्यावा, अशी कल्पना होती. कारण खरे इंजिन काळे होते, सोनेरी नव्हे. तथापि अनेकांनी ती चकाकी तशीच ठेवली आणि हळूहळू ‘न रंगवलेली’ हाच किंमतीचा निकष बनला. हौशी हाताने दिलेल्या जाड रंगाखाली रिव्हेट बुजतात, हे त्याचे एक रास्त कारण होते. दुसरे कारण असे, की उघड्या धातूवर झाळीचा प्रत्येक दोष दिसतो. मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ म्हणजे फजिती होणे. या छंदात मात्र पितळ उघडे असणे ही प्रामाणिकपणाची हमी मानली गेली. पुढे कारखान्यात रंगवलेल्या उत्तम प्रतिकृती आल्यावर हा निकष ढिला पडला. आज अनेक संग्राहक चांगल्या रंगाच्या प्रतिकृतीला अधिक पसंती देतात. चकाकत्या पितळाचे आकर्षण समजण्यासारखे आहे, परंतु तसे सोनेरी इंजिन कोणत्याही लोहमार्गावर धावले नव्हते.

चालवण्यातील दोष

पितळी इंजिने दिसायला देखणी, पण चालायला खडबडीत, अशी जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. जुन्या मोटरी जास्त प्रवाह खेचतात, त्यांची चुंबके कालांतराने क्षीण होतात व उघडे दंतचक्र कुरकुरते. मोटर व दंतपेटी यांना जोडणारी रबरी नळी कडक होऊन फाटते. आसावर घट्ट बसवलेले नायलॉनचे दंतचक्र तडकले, की इंजिन दर फेऱ्याला अडखळते.

विद्युत्प्रवाहाची व्यवस्था तर मुळातच नाजूक असते. रूढ रचनेत इंजिनाचा संपूर्ण धातूचा सांगाडा एका रुळाशी आणि टेंडरचा सांगाडा दुसऱ्या रुळाशी जोडलेला असतो. अरुंद वळणावर इंजिनाच्या छपराची कड टेंडरला टेकली, की तेथेच शॉर्ट सर्किट होते. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रतिकृती-रेल्वे संघटनेने अंकीय नियंत्रणाचे मानक स्वीकारले. जुन्या प्रतिकृतीत अशी व्यवस्था बसवायची, तर मोटर सांगाड्यापासून पूर्णपणे विलग करावी लागते. मूळ वस्तूत असा बदल करावा की नाही, यावर संग्राहक आणि चालवणारे यांच्यात आजही एकमत नाही.

किंमतींचा चढउतार

१९७० व १९८० च्या दशकांत पितळी प्रतिकृतींच्या किंमती सतत वाढत गेल्या आणि त्या गुंतवणूक म्हणून विकत घेतल्या जाऊ लागल्या. खोके न उघडता कपाटात ठेवणारे ग्राहक याच काळातले. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. संगणकाच्या साहाय्याने साचे कोरणे सुकर झाले आणि चीनमध्ये बनलेल्या प्लॅस्टिकच्या व ओतीव धातूच्या प्रतिकृतींमध्ये पूर्वी केवळ पितळात शक्य असलेला तपशील आला. नव्या शतकाच्या आरंभी हडसनसारखी इंजिने ध्वनियंत्रणेसह, पितळी प्रतिकृतीच्या तुलनेत अत्यल्प किंमतीत मिळू लागली. जी इंजिने अशा रीतीने सर्वसुलभ झाली, त्यांच्या जुन्या पितळी प्रतिकृतींचे भाव कोसळले. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या पिढीने ती इंजिने प्रत्यक्ष पाहिली होती, ती वृद्ध झाली. तिचे संग्रह एकापाठोपाठ बाजारात आले. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, अशी स्थिती झाली. दुर्मीळ इंजिने, लहान संच आणि श्रेष्ठ निर्मात्यांचे काम यांना मात्र अजूनही चांगली मागणी आहे.

भारत आणि महाराष्ट्र

भारतीय इंजिनांच्या पितळी प्रतिकृती फारच थोड्या आहेत. याचे एक कारण तांत्रिक आहे. आपला ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटर रुंद आहे. एचओ प्रमाणात तो १९.३ मिलिमीटर भरतो. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे. म्हणजे डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन अचूक करायचे, तर रूळही स्वतःच बनवावे लागतात. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा मार्ग मात्र याच प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि ‘एन’ प्रमाणाचे तयार ९ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतात. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाची इंजिने करू पाहणाऱ्या हौशी कारागिराला निदान एवढी सोय उपलब्ध आहे.

मराठी माणसाला लहान आगगाड्यांचे वावडे कधीच नव्हते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याच्या भोजनमेजावर फिरणारी चांदीची आगगाडी प्रसिद्ध आहे. ती पाहुण्यांपर्यंत मद्य व सिगार पोहोचवीत असे. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे पितळी प्रतिकृतींचा संग्रह हा हेतू नसून धावती रेल्वे आणि तिच्याभोवतीचे लहानसे नगर दाखवणे हा आहे. तरीही प्रतिकृतींचे जग म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहण्याची ती महाराष्ट्रातील उत्तम जागा आहे.

जतन

पितळ टिकाऊ असले, तरी त्याच्याभोवतीच्या वस्तू टिकाऊ नसतात. जुन्या खोक्यांत भरलेला स्पंज काही दशकांनी चिकट होऊन विरघळतो आणि लॅकरला किंवा रंगाला कायमचे डाग पाडतो. म्हणून प्रतिकृती आम्लरहित कागदात किंवा पातळ प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून मगच खोक्यात ठेवतात. बोटांच्या घामाचे ठसे लॅकर विरलेल्या जागी काळे पडतात. त्यामुळे हाताळताना सुती मोजे घालतात.

संग्राहकाच्या पश्चात वस्तू हाती आलेल्या कुटुंबीयांकडून दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे देवघरातील समई घासावी तसे इंजिन चिंचेने किंवा भांडी घासण्याच्या पुडीने घासणे. त्यात लॅकर जाते, बारीक तारा वाकतात आणि पूड दंतचक्रांत शिरते. दुसरी चूक म्हणजे जुने, फाटके, जपानी अक्षरांचे खोके आणि त्यातला पिवळा पडलेला कागद टाकून देणे. इंजिन कोणत्या कार्यशाळेतून आले याचा एकमेव लेखी पुरावा बहुतेक वेळा त्या कागदावरच असतो. काही संग्राहक आता प्रत्येक खोक्यात स्वतःच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी ठेवतात. तीवर इंजिनाचा वर्ग व क्रमांक, आयातदार, निर्माता, खरेदीचे वर्ष आणि केलेली दुरुस्ती एवढे लिहिलेले असते.